पहिल्या स्टार्टरचा आवाज

आमच्या ह्यांना सगळं कळतं. नाव काशीराम, पण वाडीत कोणी 'शेठ' म्हटलं की चेहरा खुलतो. पंधरा वर्षं भांडुपला एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर उभे होते. कारखाना बंद झाला तेव्हा एक जुनी पिकअप घेऊन गावी आले, किल्ली बोटात फिरवत. त्या दिवसापासून शेतातलं, देवळातलं, राजकारणातलं काय असेल ते ह्यांनाच कळतं. मी विमला, त्यांची बायको. मला म्हणे आमटीपलीकडे काही कळत नाही.

गाडीचं तेल कधी बदलायचं, एवढं मात्र शेठना कधी कळलं नाही. तेल मोजायची दांडी बाहेर काढायची, धोतराच्या फडक्याला पुसायची, "आहे की अजून" म्हणायचं आणि परत खुपसायची. आत नुसतं डांबर झालं होतं.

चैत्रात आंबा उतरायला लागला आणि गाडी वाजायला लागली. सकाळचा पहिला स्टार्टर मारला की खडखडाट व्हायचा, पत्र्याच्या डब्यात काजूच्या बिया घालून हलवाव्यात तसा. मिनिटभर वाजायचं आणि थांबायचं. माझी चूल खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या बाजूलाच, त्यामुळे मला रोज ऐकू यायचं. पंधरा दिवसांनी तेच तीन मिनिटं वाजायला लागलं. आमची चाळीस कलमं, त्यांच्यावर वर्ष काढायचं. पेट्या रोजच्या रोज रत्नागिरीला पोचल्या तरच त्याला अर्थ. आंब्याच्या दिवसांत दुसऱ्याची गाडी मागायला जाल, तर कोण देणार? आमची बसली की आंबा घरातच कुजणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

मी दहादा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी मागून ओरडत असायची आणि हे मान ताठ करून चालू लागायचे. कधी "होईल, होईल" म्हणायचे, तेव्हा मी विचारलेलं असायचं भाकरी करू की भात. बायकोचं ऐकलं तर शेठपणाला बट्टा लागतो ना! संध्याकाळी टीव्ही मात्र असा लावायचे की शेजारच्या गोदाकाकू म्हणायच्या, आम्हाला बातम्या फुकटात मिळतात. मला वाटायचं, नवा टीव्ही घेतलाय तो वाडीला कळायला नको?

शेवटी एकदा जेवताना समोर बसून सांगितलं, तेव्हा ऐकलं. आणि उपाय काय केला, तर नारळ. गाडी देवळासमोर उभी केली, इंजिन चालूच. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, ह्यांच्या पणजोबांपासूनच्या चुका देवाला पोटात घालायला सांगितल्या, जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हटलं. ह्यात पाव तास गेला. इंजिन तापलं, खडखड कधीच थांबलेली. नारळ फुटल्यावर शेठनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आवाज गेला. देवाला मी बोल लावत नाही. त्या बिचाऱ्याच्या हातात पाना कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजलंच. मग मी भांडून गाडी कोतवड्याला गंगाराम भावजींकडे न्यायला लावली. भावजी आमच्या नात्यातले, जन्म बोटीवर इंजिनरूममध्ये काढला, आता गॅरेज चालवतात. एवढ्या मोठ्या बोटीची इंजिनं बघितलेला माणूस, पिकअपचं बॉनेट उघडतो तेसुद्धा उपकार केल्यासारखं. गाडी मला मागे हौद्यात घेऊन सहा किलोमीटर चालून गेलेली, तापलेली. भावजींनी कान दिला, काही नाही. म्हणाले, वहिनींच्या कानातच काहीतरी वाजत असेल. ते हसले, त्यांचं बघून आमचे हेही हसले. दोन अतिशहाणे एका बॉनेटवर वाकलेले, आणि मी बाजूला पिशवी धरून उभी.

मग मी जरा डोकं चालवलं. तापली की गप्प बसते, तर गारच दाखवायला हवी. त्या रात्री किल्ली मिठाच्या बरणीमागे ठेवली आणि भावजींना फोन करून सांगितलं, सकाळी सहाला आमच्या खळ्यात या, आवाज नाही आला तर जन्मात गाडीबद्दल ब्र काढणार नाही. मला खोटं पाडायला मिळतंय म्हटल्यावर आले बरोबर सहाला. ह्यांनी किल्लीवरून घर डोक्यावर घेतलं होतं. मी किल्ली भावजींच्या हातात दिली.

स्टार्टर मारला आणि वाजलं. भावजींचं तोंड बघण्यासारखं झालं. पट्टा काढून पुन्हा क्षणभर चालू केली, तरी वाजलं, म्हणजे बाहेरच्या पुलीचा दोष नाही. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या पुढच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि गाडी बंद करून खाली बसले.

"टायमिंग चेन आहे, वहिनी. कधी उडी मारेल सांगता येत नाही."

मला समजावून सांगितलं, आता जरा अदबीने. ही चेन ताणून धरायला आत एक खिट्टी असते, ती तेलाच्या दाबावर चालते. रात्रभरात तेल खाली उतरतं, सकाळी वर चढेपर्यंत चेन सैल असते आणि झाकणावर आपटते. एखादा दात सुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात. आमचे हे आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. मग म्हणाले, मी कधीपासून सांगतोय की वाजतंय म्हणून. निर्लज्जपणाला काही सीमा?

दोन दिवस गाडी खळ्यात उघडी पडली होती आणि आंबा गवताच्या आढीत थांबला होता. झाकण काढलं तर चेन जिच्यावर घासत फिरते ती पट्टी पार झिजलेली, तिचे तुकडे खाली तेलात. भावजींनी चेन, दोन्ही दातेरी चक्रं, पट्ट्या, खिट्टी, सगळं नवं घातलं, खुणेला खूण जुळवली, इंजिन हाताने दोनदा पुरतं फिरवून बघितलं आणि नवं तेल भरलं. माणूस गर्विष्ठ आहे, पण हात स्वच्छ आहे, हे मला मान्य करावं लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीला पहिला स्टार्टर मारायचा होता. भावजी आत बसले, हे बॉनेटपाशी, मी चुलीवरून उठून दारात आले. ओली लाकडं पेटत नव्हती, धुराने डोळे झोंबत होते, माझं तोंड वाकडं झालेलं. गाडी चालू झाली. खडखड नाही, काही नाही, नुसती घुरघुर. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"वाजतंय अजून," हे म्हणाले. "कमी आहे, पण वाजतंय."

भावजी हसायला गेले आणि थांबले. तेव्हा कुठे मला कळलं. हा माणूस आवाज ऐकत नव्हताच. समोरच्याच्या तोंडावर वाचत होता. देवळापुढेही आणि गॅरेजमध्येही, किती वर्षं कोण जाणे. मागून मारलेल्या माझ्या हाका त्याला पोचतच नव्हत्या, आणि मी वाडीभर सांगत सुटले होते की माझा नवरा माजलाय. दया यायला हवी होती, पण आला तो रागच. बहिरेपण लपवायला शेठपणा करत होता मेला, आणि त्याच कानांनी आरे-वारेच्या उतारावर रोज गाडी हाकत होता.

मी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश म्हटलं, "वाजत नाही. थांबलंय."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान खाली घातली. भावजी हत्यारं गोळा करायला लागले.

सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे, फरफटत न्यावं लागलं तरी. पण पेट्या सोमवारपर्यंत थांबत नाहीत. चूल विझवली, घराला कडी घातली आणि जन्मात पहिल्यांदा त्या पिकअपमध्ये पुढे बसले. वळणावर मागून हॉर्न आला की मी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायची आणि हे गाडी डावीला घ्यायचे. रत्नागिरी येईपर्यंत त्यांनी एकदाही विचारलं नाही, का मारतेस म्हणून.