सापडलं का? मी थांबलोय

"सापडलं का? घाई न्हाई. मी थांबलोय."

एवढं बोलून मामा खरोखर थांबायचे. माइकसमोर डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून दुमडायचे. पाचवं बोट मिटलं की पुढची सूचना. समोर कुणी नसायचं. मी कानाला हेडफोन लावून काचेपलीकडे बसलेली असायचे.

केजला खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. जनावरांच्या नोंदी ठेवायचं ॲप आम्ही विकतो. कोणत्या म्हशीला लस कधी दिली, गाभण कधीपासून, कानातल्या टॅगचा नंबर काय, हे सगळं त्यात. ॲप पुण्यात बनतं. ते कसं वापरायचं हे दाखवणारे व्हिडिओ आणि जाहिराती इथं बनतात. मोबाइलच्या पडद्याचं रेकॉर्डिंग करायचं आणि त्यावर आवाज चढवायचा. कापाकापी माझी, आवाज मामांचा.

मामा हे ऑफिसातलं नाव. खरं नाव लिहीत नाही. इथं येण्याआधी पंधरा-वीस वर्षं ते रिक्षावर भोंगा लावून गावोगाव फिरले होते. तुमच्याकडेही असा एक माणूस असेल, साड्यांचा सेल आणि कुणाच्या तेराव्याची वेळ एकाच सुरात सांगणारा. त्यांचा आवाज तसा होता. न चढवता लांब जायचा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मामा, मध्ये एवढं कशाला थांबता?"

"मॅडम, तुमी बटन बघितलेलं हाय. त्याला अजून हुडकायचंय. एका हातात बादली आसंल त्याच्या."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"मग मला शिव्या दिल. पर ॲप सोडून जाणार न्हाई."

पुण्याच्या साहेबांना ही शांतता पटत नव्हती. शेवटी ठरलं की जाहिरात दीड मिनिटाची, तिच्यात थांबणं नाही. शिकवणीच्या व्हिडिओत मात्र मामांची पाच बोटं राहतील. त्यानंतर ॲपमध्ये अडलं म्हणून येणारे दूध संकलन केंद्रांच्या सचिवांचे फोन निम्म्यावर आले. साहेबांनी ते श्रेय ॲपच्या नव्या रंगाला दिलं.

एकदा जाहिरातीसाठी तेलगावला म्हैस चित्रित करायला गेलो. कानातला टॅग दिसायला हवा होता आणि म्हैस काही केल्या कान दाखवेना. मामा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, जरा इकडं बघा. तुमचंच नाव हुणार हाय." म्हशीनं मान वळवली, त्यांच्या शर्टाचा खिसा हुंगला आणि जोरात फुरफुरली. खिशात गुटख्याच्या पुड्या होत्या.

"बघा, जनावराला कळतं," मी म्हणाले.

"तिला कुठं भोंग्यावर बोलायचंय!"

रेकॉर्डिंगच्या आधी ते नळावर चूळ भरायचे, संपलं की लगेच पुडी फाडायचे. मी दोन-चारदा बोलले. नंतर सोडून दिलं. आपण सगळेच सोडून देतो.

मग वडापाव चार तुकडे करून खाऊ लागले. "सायब लोकांवानी," म्हणायचे. पुढं नुसतं केळं, तेही कुस्करून. आम्ही हसलो. तेही हसायचे, पण तोंड न उघडता.

मला त्याच्याही आधी कळलं होतं. आवाज आमच्या पडद्यावर लाटांसारखा दिसतो आणि शांतता सरळ रेघेसारखी. त्यांच्या थांबण्याच्या जागी रेघ राहिनाशी झाली. तिथं लाळ गिळल्याचा आवाज यायचा, मग तोंडातून ओढून घेतलेला श्वास. ऐकायला बरं वाटत नव्हतं. मी ती जागाच कापू लागले. पाच बोटं होती तिथं अर्धं बोटही उरलं नाही.

पुढं शब्द जाऊ लागले. 'टॅग'मधला ट जिभेवर चिकटायचा, 'तारीख'मधला ख ऐकूच यायचा नाही. मी जुन्या फायली उघडल्या. गेल्या वर्षीचा स्वच्छ 'टॅग' काढला, नव्या वाक्यात बसवला. जोड कुठं दिसत नव्हता. हे काम मला चांगलं येतं आणि तेव्हा त्याचा अभिमानही वाटत होता. मामांना ऐकवलं की ते मान डोलवायचे. "खणखणीत हाय की! मलाच उगं वाटतंय."

एक दिवस ते बायकोला घेऊन आले. ती दारातच उभी राहिली, चप्पल काढू की नको अशी.

"मॅडम, तुमी रोज कानाला लावून बसता. ह्यांचा आवाज बदललाय का? मी म्हणते दवाखान्यात चला, तर आयकत न्हाईत."

मामांनी खिशातून मोबाइल काढला आणि नुकताच तयार झालेला व्हिडिओ लावला. "आयक. कुठं काय झालंय? मशीन खोटं बोलंल का? मॅडम, तुमीच सांगा हिला."

आठ दिवसांत ॲपची नवी आवृत्ती येणार होती. चार व्हिडिओ बाकी होते.

"व्हिडिओत तर काही जाणवत नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी निवडून बोलले होते. शब्दाला शब्द खरं होतं. बाई दोघांकडे बघून एकदम सैल झाली. "मग मलाच उगं भास व्हतोय," म्हणाली. चहा न घेताच दोघं जिना उतरून गेले.

चार व्हिडिओ वेळेत झाले. शेवटच्यातले निम्मे शब्द जुन्या फायलींतले होते.

त्यानंतर चारेक महिन्यांनी तोंडात चमचा जाईना तेव्हा त्यांना लातूरला नेलं. जबड्याचा एक भाग काढला. मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर त्यांच्या बायकोला विचारत होते, त्रास कधीपासून आहे. "आवाज तर चांगला व्हता वो," ती सांगत होती. याचं उत्तर फायलींच्या तारखांसकट माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं. सांगून तेव्हा उपयोग नव्हता, आणि खरं सांगायचं तर बाईसमोर ते बोलायची हिंमतही नव्हती.

मामांनी मोबाइलवर लिहून दाखवलं: ते शेवटचे चार बघतात का लोक?

"बघतात."

नीट आले?

"नीट आले."

तेवढ्यात नर्स नाकातली नळी बदलायला आली. त्यांनी डोळे मिटले. चादरीवर उजव्या हाताची बोटं एकेक करून दुमडत गेली. पाच झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात ते गेले.

आवाज अजून चालू आहे. दुसरा माणूस मिळाला नाही आणि पुण्याला गरजही वाटत नाही. गेल्या महिन्यात मी युसूफ वडगाव या गावच्या दूध केंद्रावर गेले होते. तिथले नवे सचिव साठीचे गृहस्थ, नाकावर चष्मा. मामांना ते कधी भेटलेले नव्हते. कॅनच्या झाकणावर मोबाइल ठेवून शिकवणीचा व्हिडिओ बघत होते.

"आता टॅगचा नंबर लिहा. सापडलं का? घाई न्हाई. मी थांबलोय. आता लसीची तारीख लिहा. सापडलं का..."

"आरं थांब की बे!" सचिव मोबाइलवर खेकसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंडानं म्हणतोय थांबलोय, आन् पळतोय फुडं. कोण हाय हे? लई घाई हाय ह्याला."

मी वाकून व्हिडिओ थांबवला. सचिवांनी चष्मा पुसला आणि एक बोट पडद्यावर फिरवत टॅगचा रकाना शोधू लागले. मी बाजूला उभी राहिले. त्यांना तो सापडायला पाच बोटांहून बराच जास्त वेळ लागला.