मामांची साडेसाती

नवग्रहांशी माझ्या बायकोच्या मामांचा जितका घरोबा आहे तितका अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नसेल. तुम्हाआम्हाला ग्रह म्हणजे पंचांगातली नावं. मामांना ते एकाच आळीतले नऊ शेजारी, त्यातले दोन भांडकुदळ. मामांची हयात एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गेली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी तो सूर गेलेला नाही. सकाळी फोन उचलावा तर नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, "शनी मीनेत लागलेला आहे. कुंभ, मीन, मेषवाल्यांनी नोंद घ्यावी." मी शाळेत विज्ञान शिकवतो. पण या माणसाने मला पंचवीस वर्षांत जेवढे धक्के दिले तेवढे प्रयोगशाळेतल्या उघड्या वायरींनीही दिलेले नाहीत.

पहिला धक्का मुलगी बघायला गेलो तेव्हाचा. सगळे जण पगार विचारतील म्हणून मी तयारीत गेलो होतो. मामांनी जन्मवेळ विचारली. "साधारण संध्याकाळी," म्हणालो, तर त्यांनी पोह्याची बशी खाली ठेवली आणि गाडीचा नंबर न सांगता चौकशीला आलेल्या उतारूकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. लग्न झालं ते केवळ सासूबाईंमुळे. सासूबाई मामांच्या थोरल्या बहीण, त्यांच्यापुढे मामांचं काही चालत नाही. तरी अंतरपाट धरलेला असताना मामांनी माझ्या कोटाच्या खिशात मूठभर काळे उडीद सोडलेच. पुढे धोब्याने कोट परत दिला, त्यासोबत एक पुडी. "मास्तर, तुमची डाळ," म्हणाला.

मामांना मासे जीव की प्राण. पण सोमवार शंकराला दिला, मंगळवार गणपतीला, गुरुवार दत्ताला, शुक्रवार देवीला, शनिवार मारुतीला, आणि रवी बिघडल्यावर रविवारही गेला. उरला बुधवार. त्या एका दिवसात मामा आठवड्याचे बांगडे खातात. "बुधाने माझं वाकडं केलेलं नाय," म्हणतात आणि काटे बाजूला काढत राहतात.

एकदा मला इंग्रजी येतं या गुन्ह्यापायी त्यांनी तमिळनाडूत नवग्रहांची नऊ देवळं करायला बरोबर नेलं. तिथे शनीच्या तळ्यात अंगावरच्या कपड्यांनिशी बुडी मारायची आणि ते कपडे तिथेच सोडून यायचं, पीडा कपड्यांबरोबर जाते, अशी रीत. मामांनी ती इतक्या भक्तिभावाने पाळली की सदऱ्याच्या खिशातली आमची दोघांची परतीची तिकिटंही पीडेबरोबर गेली. हे त्यांनी मला स्टेशनवर, गाडी समोर उभी असताना सांगितलं. वर मामा शांतपणे म्हणाले, "बघा जावईबापू, शनीने थोडक्यात भागवलंन." कोकणापर्यंतचा प्रवास आम्ही जनरलच्या डब्यात, संडासाच्या दाराशी बसून केला.

आता हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण ज्या पत्रिकेपायी हे चाललं होतं तिने मामांचं लग्नही होऊ दिलेलं नव्हतं. दाभोळची एक मुलगी त्यांच्या मनात होती. मामांनी पत्रिका उघडली, मंगळ पाहिला, आणि "उगाच कोणाच्या पोरीच्या जिवाशी खेळ नको," म्हणून स्वतःच नकार कळवला. कपाटात लाल फडक्यात गुंडाळलेली ती पत्रिका, त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, करवून घेतलेली. नाव जन्मनक्षत्रावरून 'देवदत्त', पण पत्रिकेतलं नाव व्यवहारात कोणी लावत नाही. शकाचा आकडा कसरीने खाल्लेला. शाळेत हेडमास्तरांनी त्या काळच्या सगळ्या पोरांसारखी यांनाही एक जून ही जन्मतारीख लावून टाकलेली. पडताळून बघायला काही नव्हतंच आणि मामांना तशी गरजही वाटली नाही.

या वर्षी मारुतीच्या पायऱ्या चढताना मामांच्या छातीत कळ आली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिन्याच्या आत बायपास करा. मामा म्हणाले, "दोन वर्षांनी. शनी मीनेतून सुटू दे." मला वाटलं, थट्टा करतायत. नव्हते करत. "पत्रिकेत आयुष्य ऐंशी वर्षं लिहिलंय, मी आता अडुसष्टचा. घाई कसली?" माझा संताप संताप झाला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो आणि घरी येऊन सासूबाईंना फोन लावला.

सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने संगमेश्वरहून मामांच्या घरी आल्या. पिशवी न ठेवताच म्हणाल्या, "वाच बघू, काय लिहिलंय तुझ्या त्या शनीने." मामांनी फडकं सोडलं आणि स्टँडवरच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली, "संगमेश्वरी, मातुलगृही, उषःकाली पुत्ररत्न..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "परत वाच."

मामांनी परत वाचलं.

"आजोळी तू नाय झालास. तू हितेच झालास, या घरात, भर दुपारी. मला सहावं होतं, मला शेजारच्या परड्यात खेळायला धाडलंन होतं." त्या हळूच खुर्चीवर टेकल्या. "ही तुझी नव्हे रे. ही बाळूची."

आपल्या आधीचा एक भाऊ लहानपणीच गेला, एवढंच मामांना ठाऊक होतं. घरात त्याचं नाव काढायची बंदी होती. सासूबाईंनी सांगितलं, तो दोन वर्षांचा होऊन, मामा पोटात असताना, तापाने गेला. मामांनी कागद उलटसुलट करून बघितला.

"इतकी वर्षं बोलली नाहीस ती, ताई."

"मला दाखवलीत कधी? बायकांनी हात लावायचा नाय म्हणून कपाटात. मला कोणी विचारलं होतं?"

"मग माझी कुठाय?"

"तुझी केलीच नाय. बाळू गेल्यावर आप्पांनी कोणाचीच केली नाय."

"का?"

सासूबाईंनी पत्रिकेवर बोट ठेवलं. "यात ऐंशी वर्षं लिहिलीयत ना, म्हणून."

मग मामांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे तो मंगळ पण..." आणि पुढचं वाक्य तसंच राहिलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला त्या दाभोळच्या मुलीचं नावही माहीत नव्हतं, पण त्या क्षणी मनात आली ती तीच. तासाभराने मामा उठले, पत्रिका पुन्हा लाल फडक्यात बांधली आणि म्हणाले, "डॉक्टरांना कळवा. पुढची जी गाडी असेल तिने जाऊ."

ऑपरेशन झालं. मुहूर्त नाही, वार नाही, राहुकाळ नाही. मामा वाचले. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे शनीच्या फेऱ्यातून.

परवाच्या शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रिक्षातून उतरताना दिसले. हातात तेलाची बाटली, छातीवर पट्टा. मी थक्क होऊन धावलोच. "मामा, आता कशाला? तुमची रास कुठली हेसुद्धा कोणाला ठाऊक नाही."

"माझ्यासाठी नाय, जावईबापू," मामा म्हणाले. "त्याची चालू आहे ना साडेसाती. सवय लावलीय मी त्याला. आता एकाएकी कोण करणार त्याचं?"

दोन वर्षांच्या पोराला, जो जवळपास सत्तर वर्षांपूर्वी गेला, साडेसाती कसली, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. मामांना डॉक्टरांनी हाताला जोर द्यायला मना केलंय, बाटलीचं बूच त्यांना निघेना. मी ते काढून दिलं. त्यांनी डोळे मिटून देवदत्त हे नाव घेतलं आणि तेल वाहिलं, आणि मी चपला काढून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.