सहीशिवाय संदेश नाही

परवानगी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या खिशातला फोन वाजवू नये, हा नियम शेवटच्या अक्षरापर्यंत पाळणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच झाला आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ होता. मोबाइल तेव्हा नुकते घरोघर आले होते. नोकरीचा कारखाना बंद पडल्यावर मेहुण्यांनी विरार पश्चिमेला एक गाळा भाड्याने घेतला, एक संगणक मांडला आणि दुकानदारांच्या जाहिराती एसएमएसने लोकांपर्यंत पोचवण्याचा धंदा सुरू केला. या धंद्यातले बाकीचे लोक फोन नंबरांची सीडी विकत आणत आणि एका बटणात सगळ्या तालुक्याला साड्यांचा सेल कळवत. मेहुण्यांनी आधी नियम वाचले. सरकारचे वाचले, कनेक्शन देणाऱ्या कंपनीच्या अटी वाचल्या, अटींखालचा बारीक मजकूर भिंग लावून वाचला. वाचून झाल्यावर मला म्हणाले, "भावोजी, यात सगळं नीट लिहिलेलं आहे. फक्त कोणी पाळत नाही."

ग्राहकाची संमती हवी, एवढेच नियमात होते. ती कशी घ्यावी, हे मेहुण्यांनी ठरवले. त्यांनी एक पानी फॉर्म छापला आणि स्कूटरवर बसून निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी दारोदार फेरी सुरू केली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक एक खत-बियाण्यांचे दुकान होते, त्यामुळे सह्या हव्या होत्या त्या केळी आणि फुलझाडे लावणाऱ्या घरांच्या. घरात फोन एक आणि वाचणारे सहा, म्हणून ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही घेत. एकाने हरकत घेतली तर अख्खे घर यादीबाहेर. नंदाखालच्या एका बागायतदाराने त्यांना सरळ विचारले की, तुम्ही इथवर आलाच आहात, तर रोपांचा भाव आत्ताच सांगून का टाकत नाही. मेहुण्यांनी उत्तर दिले की, त्याची तुम्ही अजून परवानगी दिलेली नाही. त्या पट्ट्यात सहीला सई म्हणतात; त्यांना 'सईवाले' हे नाव पडले ते तेव्हापासून.

जाहिरातीचा संदेश रात्री नऊनंतर पाठवू नये, असा दंडक होता. मेहुणे साडेआठलाच संगणक बंद करत, कारण त्यांच्या मते विरारमधल्या प्रत्येक घरातले घड्याळ दहा मिनिटे पुढे असते आणि काही घरांतले वीस. बागायती गावांत दुपारी लोक झोपतात म्हणून एक ते चार बंद. रविवारी मिस्साच्या वेळेला फोन वाजू नये म्हणून त्यांनी चर्चमध्ये जाऊन फादरांकडून वेळापत्रक लिहून आणले होते. संदेश जात ते उरलेल्या वेळात. खताच्या दुकानाचा मालक कातावून म्हणायचा की, तुमचा संदेश मिळायचा मुहूर्त साखरपुड्याच्या मुहूर्तापेक्षा कठीण आहे.

ज्याला संदेश नकोसे झाले त्याने 'नको' एवढेच लिहून पाठवायचे होते. एकदा माझ्या बायकोने वैतागून तसे लिहिले. भावाने तासाभरात बहिणीचे नाव खोडले. दिवाळीच्या तोंडावर मेहुण्यांच्याच एका नव्या गिऱ्हाइकाचा साड्यांचा सेल होऊन गेला आणि तिला कळलेच नाही. ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. भाऊबीजेला मेहुणे पाटावर बसले, ओवाळून घेतले, ताटात ओवाळणी ठेवली आणि ओवाळणीशेजारी एक कोरा फॉर्म ठेवला. बायको म्हणाली, "दादा, मी तुझी सख्खी बहीण आहे." ते म्हणाले, "म्हणून तर पेनही आणलंय."

हे सगळे हसण्यावारी चालले असताना कनेक्शन देणाऱ्या कंपनीचे पत्र आले. मेहुणे लोकांना संमतीविना संदेश पाठवतात, अशी निनावी तक्रार होती. आठ दिवसांत खुलासा न पटल्यास कनेक्शन तोडू, असे लिहिले होते. कनेक्शन तुटले की गाळा बंद, आणि पन्नाशीच्या माणसाला विरारमध्ये दुसरी नोकरी कोणी देणार नव्हते. नंबरांची सीडी वापरणाऱ्यांपैकी एका सीडीवाल्याने खताच्या दुकानदाराला लगेच गाठले आणि तो दुकानदार त्याच्याकडे गेलाही. मेहुण्यांच्या पत्नीने, वहिनींनी, मला बोलावून घेतले. मेहुणे शांत होते. ते फायली गावांप्रमाणे लावत होते.

ठरल्या दिवशी मुंबईहून कंपनीचा अधिकारी आला. मी वर्तमानपत्रातला म्हणून मला साक्षीला बसवले होते. अधिकाऱ्याने कपाटभर फॉर्म पाहिले आणि सह्या कोणीही करू शकतो, असे म्हणून तीन फॉर्म मधूनच उपसले. तो स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावू लागला. स्पीकर चालू होता. पहिला फोन कोणी उचलला नाही. दुसऱ्याने अधिकाऱ्याचेच नाव विचारले, तुम्हाला ओळखत नाही म्हणाला आणि फोन ठेवला. मेहुण्यांनी त्या फॉर्मवरची सही बोटाने दाखवली. तिसरा नंबर निर्मळच्या एका फुलवाल्या आजींचा होता. अधिकाऱ्याने विचारले, विरारहून येणारे जाहिरातींचे मेसेज तुमच्या परवानगीने येतात का.

"तुमी कोन?" आजींनी विचारले.

त्याने कंपनीचे नाव सांगितले.

"मना फोन करायला तुमाला कोनी सांगितला? सईवाल्यांना मी सई दिलीय, पोराने दिलीय, सुनेने दिलीय. तुमाला दिलीय का? दुपारचे दोन वाजलेत. सईवाले या टायमाला कदी तरास देत नाय. तुमचा नाव सांगा, मी त्यांच्याकडे तक्रार करते."

अधिकाऱ्याने माफी मागितली. आजींनी ती मान्य केली नाही. फोन बंद झाल्यावर त्याने तिथेच अहवाल लिहिला: तक्रार निराधार. जाताना त्याने संमतीचा एक कोरा फॉर्म मागून घेतला. कंपनीने मग सीडीवाल्याकडेही संमतीचे पुरावे मागितले, आणि गणपतीच्या आधी तोडले गेले ते कनेक्शन त्याचे होते. खताचा दुकानदार पेढे घेऊन परत आला, त्याच्यामागून आणखी चार दुकानदार आले. अहवाल लिहिला गेला त्या विजयाच्या संध्याकाळी मेहुणे मात्र गाळ्यावर नव्हते. आजींचा नंबर त्यांनी परवानगी न दिलेल्या कामासाठी वापरला गेला, याची क्षमा मागायला ते निर्मळला गेले होते.

पुढे काही वर्षांनी त्यांनी धंदा आपणहून आवरला. गुडघे स्कूटरला साथ देईनात, आणि स्कूटरशिवाय सह्या घेणे त्यांना मंजूर नव्हते. संदेश बंद होत आहेत, असा एक शेवटचा संदेश पाठवा, असे मी सुचवले. ते म्हणाले की, लोकांनी परवानगी जाहिरातीला दिलेली आहे, निरोपाला नाही. मग माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून ते घरोघर सांगत हिंडले. त्यात आमचे सहा रविवार गेले. निर्मळच्या आजी ओटीवर गजरे ओवत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, सुई थांबवली आणि विचारले, "मेसेज नाय येनार, ते समजला. पन तुमी येनार ना?"

नियमांच्या कुठल्याही पुस्तकात नसलेला हा एकच प्रश्न मेहुण्यांना कोणी विचारला असेल. ते चपला काढून ओटीवर जाऊन बसले. मी स्कूटर बंद केली.