भिंत मोजणारा मामा

माझा मामा भिंती मोजायचा. घराच्या नव्हेत, तळघरासाठी खोल खड्डा खणताना बाजूची माती आत येऊ नये म्हणून आधीच जमिनीत काँक्रीटची भिंत उतरवतात, ती. तिच्या पोटात एक नळी असते. मामा रोज सकाळी नळीत तळापर्यंत यंत्र सोडायचा आणि भिंत कुठे किती वाकली ते वहीत लिहायचा. या कामाचा त्याला भारी तोरा. साहेबसुद्धा त्याच्या वहीपुढे काही बोलत नसत.

आणि नेमका आमच्या घराला लागूनच खड्डा निघाला. जमीन मऊ चिकणमातीची. आईला धडकीच भरली. "ताई, मी रोज मोजतोय ना? तू बिनधास्त राहा," मामा म्हणाला. आई राहिली.

खड्डा चौदा मीटरवर गेला आणि आमचं मधलं दार लागेना. सुताराने तासलं, आठवड्यात पुन्हा अडलं. मग स्वयंपाकघरात तडा गेला, चांगलं नाणं आत जाईल एवढा. मामाची वही मात्र ठाम: भिंत फक्त नऊ मिलिमीटर हलली. मामा पार चक्रावला. यंत्र बदललं, नळी धुतली, पुन्हा मोजलं. नऊच! तो आमच्याकडे येऊन तड्याला पट्टी लावायचा, परत खड्ड्याकडे पळायचा. जेवताना घास हातातच राहायचा. मला त्याची दया यायची आणि रागही. डोळ्यांदेखत घर फाटतंय आणि हा नऊ सोडायला तयार नाही!

शेवटी वैतागून त्याने लांबच्या पुलाच्या न हलणाऱ्या खांबापाशी मोजणीची दुर्बीण लावली आणि तिथून भिंतीचा माथा किती सरकला ते मोजलं. त्रेसष्ट मिलिमीटर! तेव्हा मामाला उमगलं. नळीचं सगळं मोजमाप तिचा तळ जागचा हलत नाही असं धरून चालतं. इथे माती इतकी मऊ, की तळही भिंतीबरोबर खड्ड्याकडे निघाला होता. आठ महिने मामा सरकत्या टोकापासून मोजत होता.

साहेबांना काम थांबवायला लावून तो धापा टाकत घरी आला.

"ताई, आत्ताच्या आत्ता निघ. माझे आकडे चुकले."

आई कपाटातले कपडे पिशवीत कोंबत म्हणाली, "तुझे आकडे मला कधी रे कळत होते? मी तुझ्या शब्दावर राहत होते."

मामा तड्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला.

"घर राहील ना रे उभं?"

हे तो मला विचारत होता.