मामांनी न सांगितलेला आजार

आजारपणाचा मनापासून आनंद घेणारा माणूस आमच्या थोरल्या मामांखेरीज साऱ्या म्हैसूरमध्ये झाला नसेल. पाहुण्याला 'बसा' म्हणण्याआधी ते त्याला आपलं बीपी सांगत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला 'नको' म्हणताना, कुठला पदार्थ कुठल्या डॉक्टरने बंद केलाय हेही ऐकवत. गोकुलममध्ये परदेशी लोक योग शिकायला येतात म्हणून एकदा तिथल्या वर्गाला गेले आणि आयुष्यात कधी नव्हती ती पाठदुखी घेऊन मोठ्या समाधानाने परतले. कुठल्या दवाखान्यात कुठल्या बाकावर पंख्याचा वारा लागतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. हे सगळं ऐकून घ्यायला लष्कर मोहल्ल्यातल्या हॉटेलात त्यांचे एक जुने मित्र रोज संध्याकाळी येत. एक कॉफी दोन लोट्यांत, म्हणजे आमच्याकडची 'बाय-टू', आणि सोबत मामांचं यकृत.

मामांच्या माडीवर एक तरुण भाडेकरू राहायचा, लॉजमध्ये नोकरी करणारा. आपल्याला पुरुषच आवडतात, हे त्याने एकदा तापात मामांना सांगितलं. कारण उशाशी थर्मामीटर घेऊन मामाच बसले होते. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची गोळी त्याच आजाराच्या एका तपासणी केंद्रात मिळते, हे त्याला ठाऊक होतं. पण बाहेरच्या बाकावर कोणी ओळखीच्याने पाहिलं तर गावी घरच्यांना कळेल, या भीतीने तो दारापासूनच परत यायचा. दवाखान्याच्या दारातून परत येणारा माणूस मामांना समजेचना. ते म्हणाले, "सुम्मने, उगाच भितोस बघ. मी येतो की. म्हातारा शेजारी असला की पेशंट कोण, हे कोण विचारतंय?"

तसंच झालं. मामा बाकावर बसून मोठमोठ्याने कण्हत आणि तो आत जाऊन तपासणी करून गोळ्या घेऊन येई. मात्र मोहल्ल्यातल्यांनी मामांना त्या बाकावर पाहिलं. ज्यांनी आपली मूळव्याध वाण्यालाही सविस्तर सांगितली होती, ते मामा 'तिथे कशाला?' या प्रश्नावर पहिल्यांदाच गप्प बसले. मामा गप्प म्हणजे दुखणं तसलंच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. एका संध्याकाळी मित्राने आपल्यापुरती पूर्ण कॉफी मागवली. शेजारी बसून कॉफी प्यायल्याने हा रोग लागत नाही, एवढंही त्या शिकल्यासवरल्या माणसाला आठवलं नाही.

खरं काय ते भाडेकरूनेच मला रडवेल्या तोंडाने सांगितलं. मी संतापून मामांकडे गेलो, एकदाचं सांगून टाका म्हटलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सांगितलं तर तो त्या दारातनं परत आत जाईल काय?" मग ते आपल्या गुडघ्यांकडे वळले.

मामा गेल्या वर्षी गेले, तेही झोपेत, एकाही डॉक्टरला न कळवता. तो भाडेकरू आता केंद्रात एकटा जातो, गोळी नेमाने घेतो, ठणठणीत आहे. मामांचे दिवस झाल्यावर तो मला घेऊन त्या हॉटेलात गेला. मामांचे मित्र एकटेच बसले होते; समोर अर्धी उरलेली कॉफी निवत होती. तो त्यांच्यासमोर बसला, आणि हळूच पण स्पष्ट म्हणाला, "अज्जा, मामा तिथे माझ्यासाठी यायचे. औषध मी घेतो."

म्हातारबांनी डोळे पुसले. मग त्यांनी नवी कॉफी आणि एक रिकामा लोटा मागवला, अर्धी कॉफी त्यात ओतून त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "घे. आता सांग, तुझं बीपी किती?"