परागकणाला चिकटलेला लाल धागा

काचपट्टीवाले काका म्हणजे प्रयोगशाळेचा जुना खांब. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकातून फोटो काढले, त्यातला भोपळ्याच्या फुलाचा परागकण टपाल तिकिटावर छापून आला. नमुन्याचं तिकीट त्यांनी हौसेनं भिंगाखाली धरलं मात्र, ते ताडकन उठलेच. कणाला चिकटलेला लाल तंतू त्यांच्या स्वेटरचा होता! आणि विक्री उद्यापासून.

"बाई, हे फुलाचं नाही हो, माझ्या बाहीचं आहे," ते विभागप्रमुखांना म्हणाले.

"बरा मुहूर्त सापडला तुम्हाला! गप्प बसलात तर कुणाला कळणार आहे, काका?"

"पण पोरं तेच खरं धरून चालतील ना!"

बाईंनी टपाल कार्यालयाचा नंबर फिरवून फोन त्यांच्याच हातात दिला. घंटा वाजू लागली, तशी काकांनी घाईघाईनं अंगातला स्वेटर काढला, जणू पलीकडच्याला तो दिसणारच होता.