कोणीच न घेतलेला धातू

मी भूशास्त्रात पदवी घेतली आणि चाकणच्या एका कंपनीत टूल स्टोअरच्या खिडकीमागे जाऊन बसले. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे दगडांचं शिकून काय फायदा झाला?" पूर्वी मी समजावत बसायचे. आता विचारते, तुमच्या गाडीतला लोखंडाचा एक तुकडा दाखवा, जो दगडातून आलेला नाही. मग ते विषय बदलतात.

माझ्या खिडकीतून ऑपरेटर इन्सर्ट घेऊन जातात. इन्सर्ट म्हणजे लेथवरच्या हत्याराच्या टोकाला बसवायचा कार्बाइडचा तुकडा, नखाएवढा. पोलाद कापतो तो हाच. त्यात मुख्य धातू टंगस्टन, म्हणून आकाराच्या मानाने तो हाताला चांगलाच जड लागतो. झिजला की वेगळ्या डब्यात टाकायचा, कारण त्यातून टंगस्टन पुन्हा काढता येतो. नियम एवढा सोपा, पण पाळायचा कुणी? लोक तो सरळ लोखंडाच्या भंगारात टाकून मोकळे व्हायचे.

त्यातच खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशिन धुऊनपुसून त्यांना हार घालतात, हत्यारं मांडून पूजा करतात. आमच्या लाइनचे सुपरवायझर पुनावळ्याचे, जुन्या शेतकरी घराण्यातले. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांनी डब्यात साठलेले सगळे झिजके इन्सर्ट ताटात घेतले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी ते सगळं निर्माल्यासोबत इंद्रायणीत सोडून आले. कित्येक महिन्यांचा डबा एका फटक्यात रिकामा.

कंपनीचे प्रशिक्षणप्रमुख उखडले. काका मात्र शांत. "पुजल्यालं हत्यार भंगारात टाकायचं व्हय, साहेब? आमी न्हाई टाकत."

मला हसू आलं आणि चडफडाटही झाला. खरं सांगायचं तर साऱ्या कंपनीत त्या तुकड्याला मान देणारा हा एकच माणूस होता. फक्त आपण कशाला मान देतोय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

या प्रकारानंतर कंपनीने ठरवलं की नव्या मुलांना कार्बाइड शिकवायला एक प्रशिक्षक नेमायचा. कायमची जागा. मी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी कार्ड जमा करायचं, काही दिवस काळेवाडीच्या खोलीत बसून राहायचं आणि नवं कार्ड मिळतंय का याची वाट बघायची. कायम होणं म्हणजे काय, ते कंत्राटी माणसालाच विचारावं. मी त्याच दिवशी अर्ज टाकला.

निवडीसाठी पंधरा मिनिटांचा तास घेऊन दाखवायचा होता. तयार स्लाइड दिल्या होत्या : इन्सर्टचे ग्रेड, कापायचा स्पीड, हत्यार पुढे सरकवायचा फीड. मी त्या वाचल्या आणि बाजूला ठेवल्या. पातळ प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ कोकम सरबत भरून सकाळी सातला कॅन्टीनच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. अकराला तास. तोवर ते अर्धं गोठलं असतं आणि मला तेवढंच हवं होतं.

प्रशिक्षणप्रमुख साहेबांची मीटिंग लांबली आणि तास गेला तीनवर. मी धावत जाऊन बाटली काढली तर तिचा पार दगड झालेला. बाटली फुगून उभी चिरली होती. मग नीट पाहिलं. बर्फ बाहेरून जवळजवळ पांढरा, आणि आतून आलेल्या भेगांमध्ये गडद लाल, चिकट पाक. मला हवं होतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं झालं होतं. मी ती तशीच वर्गात नेली.

समोर नवी मुलं, मागे प्रशिक्षणप्रमुख आणि काका. मी मुलांना विचारलं, "गारीगार चोखलंय ना? आधी काय संपतं?"

"रंग," सगळे म्हणाले.

"कारण पाणी गोठताना रंगाला आणि साखरेला आत घेत नाही. आपला टंगस्टन ज्या दगडातून येतो, त्या ग्रॅनाइटचंही तसंच."

जमिनीखाली काही किलोमीटरवर वितळलेल्या खडकाचा रस अडकून पडतो आणि फार सावकाश थंड होतो. त्यातून फेल्डस्पार, क्वार्ट्झ, अभ्रक यांचे स्फटिक तयार होतात. प्रत्येक स्फटिकात ठराविक मापाच्याच अणूंना जागा असते. कथील आणि टंगस्टन यांचं माप तिथे सहसा जुळत नाही. मग ते उरलेल्या रसात राहतात. रस कमी होत जातो, त्यांचं प्रमाण वाढत जातं. पाणी, फ्लोरिन, बोरॉन हीसुद्धा अशीच उरलेली मंडळी. शेवटी रसात पाणी मावेनासं होतं, ते वेगळं होतं, दाब वाढतो आणि वरचा खडक तडकतो. गरम पाणी हे धातू घेऊन भेगांत शिरतं. तिथे ते थंड होतं, आजूबाजूच्या खडकाशी त्याची देवघेव होते आणि क्वार्ट्झच्या पांढऱ्या शिरा जमतात. त्या शिरांत टंगस्टनचं काळं खनिज वुल्फ्रमाइट आणि कथलाचं तपकिरी कॅसिटराइट.

"ही बाटली बर्फ फुगल्यामुळे फुटली. तिथे खडक फुटतो तो वेगळ्या झालेल्या पाण्याच्या दाबाने. एवढा फरक ध्यानात ठेवा. बाकी हीच गोष्ट." मी बाटली बाकावरून फिरवली. मुलं भेगांत बोट घालून चाखत होती. एक जण म्हणाला, "आई शप्पथ, केवढं आंबट!"

काकांनी हात वर केला. "आमच्या हितं हाय का ह्ये, पोरी?"

"नाही, काका. इथला काळा दगड लाव्हा होऊन वाहत आला आणि लवकर गोठला. त्याचा पिंडच वेगळा. माझं गाव नांदेडकडे, देगलूरच्या बाजूला. तिथे ग्रॅनाइट आहे, पण त्यातही हा धातू नाही. प्रत्येक ग्रॅनाइटच्या नशिबी तो नसतो. कथील तिकडे बस्तरला आहे, टंगस्टन राजस्थानात डेगाण्याला."

"मंजी आमच्यात कायच न्हाई?"

"कणखरपणा आहे की! तुमच्या रानात बोअर मारतात ना, त्या खडक फोडणाऱ्या बिटच्या दातांत टंगस्टन कार्बाइडच असतं."

काका गदगदून हसले. "मंजी भाईरचं आनल्याबिगर आमचा दगड फुटत न्हाई!"

तास संपला. प्रशिक्षणप्रमुखांनी मुलांना बाहेर पाठवलं. "मॅडम, छान बोलता. पोस्ट तुमचीच समजा. फक्त ते दगडांचं काढून टाका. मुलांना मशिनवर उभं राहायचंय, खाणीत नाही. दिलेल्या स्लाइडबाहेर जाणार नाही, एवढं लिहून द्या."

"नाही देणार," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "ग्रेड, स्पीड सगळं भिंतीवरच्या चार्टवर आहे, सर. तरी डबा भरत नाही. कारण त्यांच्या लेखी ही लोखंडाची टिकली आहे. ही कुठून आणि किती मुश्किलीने येते ते कळलं, तरच ती जपून ठेवतील."

"साहेब, मला कुनी आदी सांगितलं असतं," काका म्हणाले, "तर म्या नदीत सोडलंच नसतं."

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो परत सरकवला.

जागा दुसऱ्याला मिळाली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलली ते ऐकवत नव्हतं. मला वाईट वाटलं का? वाटलं. कंपनीच्या बसमध्ये तोंडावर ओढणी घेऊन रडले. पण सही करायला हवी होती, असं एकदाही वाटलं नाही.

महिन्याभराने एका दुपारी मी इन्सर्टचा खोका पोचवायला ट्रेनिंग रूमकडे गेले. दार अर्धवट उघडं होतं. पडद्यावर एक नवी स्लाइड होती, ग्रॅनाइटची. मुलांनी विचारून विचारून भंडावल्यावर साहेबांनीच ती घालायला लावली होती, हे मला नंतर कळलं. नवे प्रशिक्षक सांगत होते, "टंगस्टन सगळ्यात जड. म्हणून तो आधी तळाशी बसतो आणि आधी गोठतो."

साहेब मागच्या बाकावर बसून मान डोलवत होते.

मी दार ढकललं. "उलटं आहे, सर. आधी गोठतं त्यात तो नसतोच. त्याला कोणी घेत नाही, म्हणून तर तो शेवटी एका जागी सापडतो." त्यांच्या हातातला मार्कर घेऊन मी फळ्यावर खडकाच्या भेगेतली क्वार्ट्झची शीर काढायला लागले. साहेबांनी मला थांबवलं नाही. थांबवलं असतं तरी मी थांबले नसते.